नारळ फुटेल असा रस्ता

आमच्या गल्लीच्या डांबरीकरणाचा शुभारंभ नारळ फुटेना म्हणून पंधरा मिनिटं खोळंबला होता. नारळात खोट नव्हती, रस्त्यात होती. प्रमुख पाहुण्यांनी पहिल्यांदा नारळ आपटला तेव्हा तो जुन्या रस्त्यात निम्मा रुतला आणि शेंडी वर करून तसाच बसून राहिला. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा खडीचे चार खडे उडाले, त्यातला एक फोटोग्राफरच्या नडगीवर बसला, नारळ शाबूत. मग कार्यकर्ते टणक जागा शोधायला पांगले. इथं माती, तिथं खड्डा, पलीकडे गेल्या गणपतीत खड्ड्यात कोंबलेली विटांची रोडी. अखेर आमच्या फाटकाच्या दगडी पायरीवर नारळ फुटला आणि सार्वजनिक कामाचा श्रीगणेशा खासगी जागेत झाला. पायरीवर सांडलेलं पाणी आईनं पुसलं.

आमचं शहर कोणतं ते सांगत नाही. वाचताना तुम्हाला ते तुमचंच वाटेल, आणि तुमचा अंदाज खोटा पाडायची माझी इच्छा नाही.

गर्दीत शेजारचे अण्णा उभे होते. अण्णा बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसीयर. आता त्या पदाला साहेबी नाव आलंय, पण अण्णा स्वतःला ओव्हरसीयरच म्हणवतात, कारण त्यांच्या मते त्या शब्दात निदान बघण्याची जबाबदारी आहे. नारळ रुतला तेव्हा सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"घनतेची चाचणी झाली. जुना रस्ता नापास."

रस्ता होताना बघणं हा आपल्याकडचा एक फुकट करमणुकीचा प्रकार आहे. जेसीबी बघायला लोक ऑफिसला उशीर करतात, मग डंपर, पेव्हर आणि रोलर असा सगळा ताफा गल्लीत आल्यावर काय विचारता. पण आपण बघतो काय? रंग. काळाभोर झाला की रस्ता चांगला. दुसरी कसोटी गुळगुळीतपणाची, ती स्कूटरवाले लावतात, तीही सहसा रस्ता थंड होण्याआधी. रस्त्याच्या पोटात काय आहे हे कुणी विचारत नाही. नव्या जावयासारखं आहे ते. सूट बघतात, पगार नंतर कळतो.

अण्णांचं म्हणणं असं, की रस्त्याचं आयुष्य त्याच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरतं, आणि ते ठरवणारा माणूस टेंडर काढणारा साहेब नसतो, बिल लावणारा ठेकेदार नसतो, फीत कापणारा पाहुणा तर मुळीच नसतो. तो असतो रोलरवाला. सगळ्यात सावकाश जाणारा आणि सगळ्यात कमी पगाराचा.

"रस्ता म्हणजे खडी नव्हे आणि डांबर नव्हे," अण्णा म्हणाले. "रस्ता म्हणजे दबाई."

दबाई हा खात्यातला शब्द. मुरूम पसरून दबाई, खडी पसरून दबाई, डांबरी माल पसरून दबाई. मराठीत प्रकरण दाबतात, फाइल दाबतात, आवाज दाबतात. जिथं खरोखर दाबायला हवं तिथं मात्र आपला हात हलका पडतो.

योगायोग असा, की काम सुरू झालं तो दिवस भोगीचा होता. घरात आईच्या तिळाच्या वड्या चालल्या होत्या. गॅसवर चिक्कीच्या गुळाचा पाक रटरटत होता आणि बाहेर पेव्हर घुरघुरत होता. मी दोन्हीकडे येरझाऱ्या घालत होतो, आणि तासाभरात माझ्या लक्षात आलं की आत आणि बाहेर एकच पदार्थ चाललाय.

बघा. आईच्या परातीत तीळ, दाण्याचा कूट आणि किसलेलं सुकं खोबरं. डंपरात मोठी खडी, बारीक खडी आणि कच. मोठ्याच्या फटीत मधला बसतो, मधल्याच्या फटीत बारीक बसतो, आणि सगळ्यांना धरून ठेवायला पाक. घरी गूळ, बाहेर डांबर. डांबर दिसतं सगळीकडे, असतं मात्र थोडंच. शंभर किलो मालात साधारण पाच किलो. उरलेला सगळा दगड. अण्णा म्हणतात, सरकारी समितीसारखंच, सगळ्यांना काळं करायला पाच टक्के पुरतात.

पाक कच्चा राहिला तर वडी धरत नाही, फार कढला तर जळतो. डांबराचंही तेच. आपल्याकडे नेहमी वापरतात त्या व्हीजी-३० जातीच्या डांबराचा माल प्लँटमध्ये १५० ते १६५ अंशांत तयार व्हावा, रस्त्यावर पसरताना तो निदान १४० अंश असावा, आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी दबाई आटोपावी, असं पुस्तकात छापलेलं आहे. हे पुस्तक सगळ्यांकडे असतं. अण्णांकडे पुस्तकाबरोबर थर्मामीटरही आहे. लांब सळईचा, वर घड्याळासारखी तबकडी असलेला. निवृत्त होताना त्यांनी खात्याला सगळं परत केलं, हा मात्र स्वतःच्या पैशानं घेतलेला होता.

आधी जुन्या रस्त्यावर टॅक कोट मारला. नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून हे इमल्शन फवारतात. फवारलं की ते चॉकलेटी दिसतं, पाणी उडालं की काळं होतं. काळं झाल्याशिवाय वर माल टाकायचा नाही, असा नियम. आमच्याकडे डंपर आधी येऊन उभा होता, त्यामुळे चॉकलेटीवरच काम भागवण्याचा विचार चालला होता. अण्णा मध्ये उभे राहिले.

"होऊ द्या काळं."

"अण्णा, वरनं काळंच टाकायचंय की," मुकादम म्हणाला.

या युक्तिवादाला अभियांत्रिकीत उत्तर नाही.

तर पहिला डंपर. प्लँट शहरापासून चाळीस किलोमीटर. माल निघतो तेव्हा कढत असतो, ताडपत्री पांघरून येतो, पण वाटेतले खड्डे चुकवत चुकवत यायला दोन तास लागतात. म्हणजे जुने रस्ते खराब म्हणून माल गार होतो, आणि माल गार झाला म्हणून नवे रस्ते खराब होतात. असं हे चक्र आहे आणि त्यात कुणाचाच दोष नाही, असा चौकशीचा अहवाल कधीही लिहिता येईल.

पेव्हरनं कोपऱ्यापासून माल पसरायला घेतला. सुरेख, सपाट, वाफाळता थर. अण्णांनी पुढं होऊन सळई खुपसली. "१३१," ते म्हणाले, आणि मागं वळून बघतात तो रोलर जागेवर उभा आणि वर कुणी नाही.

"रोलरवाले कुठायत?"

"डिझेल आणाया गेलेत."

"आत्ता?"

"येतीलच."

मालाला 'येतीलच' कळत नाही. भोगीची सकाळ, बोचरा वारा, आणि थर उणापुरा दोन इंचांचा. पातळ थर वरून वाऱ्यानं निवतो आणि खालून थंड रस्ता त्याची ऊब ओढून घेतो. चहा बशीत ओतल्यासारखं. अण्णा दर दोन मिनिटांनी सळई खुपसून आकडा वाचत होते, आयसीयूबाहेरच्या नातेवाइकासारखे. ११८. १०६. ९५. ८४ ला रोलरवाले मामा डिझेलचा कॅन घेऊन सायकलवरून प्रकटले.

एवढ्यात आई हातात उलथनं घेऊन फाटकात आली होती. तिनं त्या थराकडे एकदा पाहिलं.

"पाक गार झालाय तुमचा."

"काकू, हे डांबर आहे," मुकादम म्हणाला.

"डांबर असो की गूळ. गार झाल्यावर थापून काय उपयोग? भुगा होईल."

मुकादम हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी डायरीत लिहिलं. नंतर मी पाहिलं तर तिथं लिहिलं होतं: '८४ अंश. वहिनींचं मत योग्य.'

रोलर फिरला. गार झालेली खडी हलेना, तेव्हा ती चाकाखाली फुटायला लागली. काळ्या रस्त्यावर पांढरे ठिपके उमटले. तीळ सांडल्यासारखे.

आता गार मालात नेमकं बिघडतं काय, हे मला लोकलनं समजावलं. म्हणजे अण्णांनीच, पण लोकलच्या भाषेत, कारण मी सहा वर्षं डोंबिवलीहून नोकरीला जात होतो. गाडी सुटल्या सुटल्या डब्यात जी उलथापालथ चालते, तेव्हा प्रत्येक माणूस हलायला तयार असतो. मागून रेटा आला की तो थोडा वळतो, बॅग पुढं घेतो, चौथी सीट तयार होते, दोघांच्या खांद्यांमधल्या फटीत तिसऱ्याचं डोकं बसतं. हा गरम माल. डांबर पातळ आहे, दगडाला तेल लावल्यासारखं आहे, रोलरचा रेटा आला की दगड फिरतो, घसरतो, आपली जागा शोधतो. त्याच डब्यात वीस मिनिटांनी या. पेपर उघडले गेलेत, भजन सुरू झालंय, जो तो आपापल्या कोनात घट्ट झालाय. आता कितीही रेटा, एक इंच कुणी सरकणार नाही. फार तर कुणाची तरी बरगडी मोडेल. हा ८४ अंशांचा माल.

आणि सरकायचं कशासाठी? हवा जायला. दबाई म्हणजे दुसरं काही नाही, हवा काढणं. पसरलेल्या मालात हवा खूप असते. दोन इंचांचा थर दाबून दीड-पावणेदोन इंचांचा होतो, त्यातला दगड कुठं जात नाही, जाते ती हवा. प्रयोगशाळेत या मालात तीन ते पाच टक्के हवा ठेवतात. रस्त्यावर दबाई झाल्यावर सहा-सात टक्के राहिली तरी ठीक. आठाच्या वर गेली की आतली भोकं एकमेकांना सापडतात, त्यांच्या वाटा जुळतात आणि पावसाला आत जायला रस्त्याच्या आत रस्ता तयार होतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या अभियंत्यांनी १९८९ मध्ये हिशेब मांडला, की सात टक्क्यांच्या वर जाणारी हवा दर टक्क्याला रस्त्याचं आयुष्य साधारण दहा टक्क्यांनी घटवते. आपल्याकडे उद्घाटनाच्या दिवशी रस्त्याची हवा असते असं म्हणतात, ते बहुधा याच अर्थानं.

"मग सगळीच हवा काढून टाकायची," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे, मी त्यांच्या खात्यात साहेब म्हणून लागलोय अशा नजरेनं पाहिलं. "तीन टक्क्यांच्या खाली गेलास तर मे महिन्यात डांबर फुगतं. आत जागा नाही, मग वर येतं. रस्ता चकाकतो, चप्पल चिकटते, ट्रकच्या चाकांचे पन्हळ पडतात. थोडी हवा लागते रे. सगळ्यांनाच लागते."

आता दुसरा डंपर. इथं कथानकाला कलाटणी मिळते आणि ती तिळाच्या वडीनं दिली.

आईची पहिली परात झाली होती. तिनं पाक पाण्यात टाकून, टण् वाजतो का बघून, तीळ-कूट ओतून, पोळपाटाला तूप चोपडून, लाटण्याला तूप लावून, गरम असतानाच झरझर लाटून वड्या कापल्या होत्या. हे सगळं पाच मिनिटांत. त्या पाच मिनिटांत घरात कुणी हाक मारलेली चालत नाही, फोन वाजलेला चालत नाही, आणि डिझेल आणायला तर कुणीच जात नाही. मी रोलरकडे बघत होतो. त्याच्या ड्रमवर पाण्याची बारीक धार सुटत होती, माल चिकटू नये म्हणून. लाटण्याला तूप.

आईनं ताटलीत चार वड्या घेतल्या आणि थेट रोलरवाल्या मामांना हाक मारली. "अहो मामा, या, गोड खा. भोगी आहे."

मामा रोलर घेऊनच आमच्या फाटकाशी आले. अण्णा धावले. "ताज्या थरावर उभा करू नका! खड्डा पडेल. मागं जुन्या रस्त्यावर घ्या." मामांनी घेतला, आणि तिथंच फाटकाला टेकून वड्या खायला लागले. नेमका त्याच वेळी दुसरा डंपर आला. काय झालं कुणास ठाऊक, या खेपेला वाट मोकळी मिळाली असावी. अण्णांनी सळई खुपसली आणि लग्नाची यादी ठरल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला.

"१४८!"

पेव्हर पुढं, आणि हातात अर्धी वडी घेतलेले मामा चार पावलांवर. डिझेल भरलेलं, तोंड गोड, मागं आई आणि एक ओव्हरसीयर. त्या माणसाला पळायला वाव नव्हता.

मग जी दबाई झाली ती मी आयुष्यात विसरणार नाही. कडेपासून सुरुवात, मग हळूहळू मधल्या उंचवट्याकडे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढवलेला. वेग ताशी पाच किलोमीटरच्या आत, म्हणजे मामांना मागं टाकून बाजूनं एक आजोबा काठी टेकत गेले. वळणं नाहीत, झटका नाही, दिशा बदलताना गाडीतलं बाळ जागं होऊ नये इतकं हलकं थांबणं. माझ्या लहानपणी तीन चाकांचा रोलर यायचा, टिनाच्या छपराचा, आणि आम्ही त्याच्या पुढ्यात दहा पैशाचं नाणं टाकून मागून पळायचो. तेव्हा मला रोलर आळशी वाटायचा. आज कळलं, तो आळस नव्हता. रियाज होता.

नियमानं तीन रोलर लागतात. आधी आठ-दहा टनांचा लोखंडी ड्रमचा, मग बारा-पंधरा टनांचा नऊ रबरी चाकांचा, तो पीठ मळल्यासारखा माल आतून मळतो, आणि शेवटी सहा-आठ टनांचा, चाकांच्या खुणा पुसायला.

"बाकीचे दोन कुठायत?" अण्णांनी विचारलं.

"हाच तिन्ही करतो," मुकादम म्हणाला.

तीन तोंडं, एक देह. दत्तगुरूंनंतर हे फक्त ठेकेदाराला जमलंय.

मामा मध्ये पाणी प्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "रोलरपुढं कुणी येत न्हाई, पण घाई समद्यांना असती. साहेब म्हंतो आटप, मुकादम म्हंतो आटप, मागचा रिक्षावाला हार्न देतो. मी म्हंतो, बाबा, ह्यो रोलर हाय, ह्याला घाई शिकवलीच न्हाई कुणी."

अण्णांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी मामांना दबाईचा इतिहासच सांगायला घेतला. स्कॉटलंडचे जॉन मॅकॅडम, दोनशे वर्षांपूर्वी लहान मापाच्या फोडलेल्या खडीचे रस्ते करणारे. त्यांचं नाव आजही प्रत्येक ग्रामपंचायतीत घेतलं जातं. डब्ल्यूबीएम आणि बीबीएममधला तो शेवटचा एम म्हणजे मॅकॅडम. पण त्यांनी ना डांबर वापरलं ना रोलर. वाहतूक जाऊन जाऊन खडी आपोआप बसेल, असं त्यांचं मत.

"आमच्या शेटचं बी त्येच म्हननं हाय," मामा म्हणाले.

"त्यांच्या काळी घोडागाड्या होत्या," अण्णा म्हणाले. "तुमच्या शेटच्या काळी डंपर आहेत."

मग मिसिसिपीचे ब्रूस मार्शल आले. यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस डांबरी मालाची परीक्षा ठरवली, आणि ती आजही चालते. मूठभर गरम माल चार इंच व्यासाच्या साच्यात घालायचा. वरून साडेचार किलोचा हातोडा दीड फुटावरून सोडायचा. एका बाजूनं ७५ ठोके. मग साचा उलटा करायचा, दुसऱ्या बाजूनं ७५. बाहेर काढलेली वडी ६० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवायची. आणि मग यंत्रात घालून, मोडेपर्यंत दाबायची. अण्णांच्या काळच्या पुस्तकाप्रमाणे या वडीची जी घनता, तिच्या निदान ९८ टक्के घनता रस्त्यावर मिळायला हवी.

आई ऐकत होती. "पंच्याहत्तर आणि पंच्याहत्तर? आणि वर गरम पाणी? आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर असेच होते."

"म्हणूनच तुमचं गणित पक्कं आहे, वहिनी."

तिसऱ्या डंपराची कथा लहान आहे. जेवणाची सुट्टी झाली. डंपर आला, पेव्हरनं माल पसरला, आणि सगळे डबे उघडून बसले. जेवून, तंबाखू मळून उठले तेव्हा अण्णांनी सळई खुपसलीसुद्धा नाही. आई तोवर दुपारची झोपली होती.

संध्याकाळी रस्ता पुरा झाला. कोपऱ्यापासून टोकापर्यंत एकसारखा काळा, एकसारखा गुळगुळीत. कोणते शंभर फूट वेळेवर दाबलेत आणि कोणते नाहीत, हे देवालाही वरून दिसलं नसतं. नवा थर चोवीस तास तरी वाहतुकीला बंद ठेवावा, असा दंडक आहे. आमच्याकडे चोविसाव्या मिनिटाला पहिली स्कूटर गेली. त्याआधी एक कुत्रा गेला होता. त्याची चार पाकळ्यांची पावलं अजून कोपऱ्यावर आहेत. कोपऱ्यावरचा माल गार होता हे त्यालाही कळलं असणार, नाहीतर तो इतका शांतपणे चालला नसता. संक्रांत झाल्यावर हळदीकुंकवाचा मांडव आला आणि मांडववाल्यानं कोऱ्या रस्त्यात पहारीनं आठ भोकं पाडून बांबू रोवले. अण्णा म्हणाले, "राहू दे. हवा जायला वाट झाली."

या सगळ्यात अण्णा एकदा पुण्याला जाऊन आले. त्यांची भाची तिथं असते, पण ते जातात जंगली महाराज रस्त्यासाठी. १ जानेवारी १९७६ ला तो खुला झाला. रेकॉन्डो नावाच्या कंपनीनं केला, हॉटमिक्सचा, आणि वर दहा वर्षांची हमी दिली. ती दहा वर्षं संपून गेली, मग आणखी दहा गेली, मग आणखी, आणि आसपासचे रस्ते दर पावसाळ्यात उखडत असताना हा आपला तसाच, म्हणून त्याच्यावर बातम्या आल्या, लेख आले. पुणेकर पाहुण्यांना शनिवारवाडा दाखवतात आणि परत येताना हा रस्ता. "काय गुपित होतं त्याचं?" मी विचारलं. अण्णांनी नाटकातल्यासारखं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. पुस्तकात लिहिलंय तसं केलं." अण्णा त्या रस्त्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात. चपला काढत नाहीत एवढंच.

मग जून आला.

पाऊस रस्त्यावर पडतो ते आपल्याला दिसतं. तो रस्त्यात शिरतो ते दिसत नाही. आठ-दहा टक्के हवेच्या त्या भोकांत पाणी जाऊन बसतं. वरून रिक्षाचं चाक जातं. पाण्याला दाबता येत नाही, त्यामुळे ते बिचारं वाट शोधत दगड आणि डांबर यांच्यामध्ये घुसतं. चाक पुढं गेलं की ओढलं जातं, दुसरं चाक आलं की परत ढकललं जातं. दिवसाला हजारदा. शेवटी दगड डांबराचा हात सोडतो. आणि पंगतीतला एक उठला की सगळी पंगत उठते.

पहिला खड्डा जुलैच्या पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावर पडला, कुत्र्याच्या पावलांना सोडून. दुसरा, तिसरा, पाचवा. मांडवाच्या आठ भोकांचे आठ खड्डे झाले आणि गल्लीनं त्यांना अष्टविनायक नाव दिलं. पलीकडच्या टोकाला, जेवणाच्या सुट्टीतल्या मालाचा तर ऑगस्टपर्यंत नुसता भुगा झाला. पायानं ढकलला तरी खडी सुटायची. आणि मध्ये, आमच्या फाटकासमोरचे शंभर फूट? जसेच्या तसे. अण्णांनी पावसात छत्री घेऊन फिरून डायरीत नकाशा काढला. तीन डंपर, तीन हद्दी. खड्डे सुरू झाले ते बरोबर दुसऱ्या डंपरचा माल संपला त्या रेषेपासून.

गल्लीला हे रुचलं नाही. पूर्ण गल्ली उखडली असती तर दुःख वाटून घेता आलं असतं. एकाच घरासमोर रस्ता टिकतो म्हणजे काय?

"तुमची ओळख आहे का कुणाशी?" समोरच्या काकांनी आईला विचारलं.

"नाही हो."

"मग तुमच्याच फाटकाला कसा चांगला माल?"

"माल सगळीकडे सारखाच होता. मी फक्त रोलरवाल्यांना चार वड्या दिल्या."

ही बातमी गल्लीत वणव्यासारखी पसरली. चार वड्या! म्हणजे दिलं होतं काहीतरी! दोघांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करण्याचा विचार केला, पण वड्या कोणत्या रकान्यात मागायच्या हे ठरेना. एका वहिनींनी तर कबूल केलं, की त्याच दिवशी त्यांनीही रोलरवाल्याला चहा दिला होता, पण तो जेवणाच्या सुट्टीत, आणि त्यांच्या फाटकासमोर आता तळं आहे. चहाला वडीची सर नाही, असा निष्कर्ष गल्लीनं काढला. वेळेचा विचार कुणालाच सुचला नाही.

नोव्हेंबरात पाण्याची नवी लाइन टाकायचं काम मंजूर झालं. पुन्हा मांडव, पुन्हा हार, पुन्हा नारळ. पुन्हा कार्यकर्ते टणक जागा शोधायला पांगले. कोपऱ्यावर आपटला, रुतला. टोकाला आपटला, खडी उडाली. मग कुणाला तरी आमचं फाटक आठवलं. पण या वेळी पायरीची गरज पडली नाही. पाहुण्यांनी फाटकासमोर, भर रस्त्यात नारळ आपटला आणि खट्कन एका दणक्यात त्याची दोन शकलं झाली. टाळ्या वाजल्या. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डायरी काढली. आईनं मान वळवली.

शुभकार्य झालं तिथूनच खोदायला सुरुवात करायची, असा प्रघात. ब्रेकर लागला. तो थडथडत राहिला, पोरगा घामाघूम झाला. बाकी गल्ली त्यांनी पहारीनं अर्ध्या दिवसात खणली, आमच्या फाटकासमोर दीड दिवस गेला. शेवटी तो पोरगा ब्रेकर टेकवून मुकादमाला ओरडला, "ह्यो तुकडा लई खराब हाय! फुटतच न्हाई!"

अण्णांच्या उभ्या नोकरीत त्यांच्या देखरेखीखालच्या कामाला असं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नव्हतं.

खणलेल्या ढिगातून त्यांनी दोन तुकडे उचलले. कोपऱ्यावरचा तुकडा हातात घेतला तर बोटांतून सुटला, जाळीच्या पोळ्यासारखा, आत सगळी भोकं. आमच्या फाटकासमोरचा तुकडा त्यांनी आईला दाखवला. तुटलेल्या बाजूला खडीशी खडी भिडलेली, मध्ये काळा पाक, कुठं फट नाही. आईनं तो नीट फिरवून पाहिला, बोटानं टिचकी मारली, टण् वाजला.

"जमली," ती म्हणाली.

तो तुकडा आता अण्णांच्या टेबलावर आहे. रस्त्याच्या दुरुस्तीसाठी त्यांनी आजवर केलेल्या अर्जांच्या पोच त्याच्याखाली आहेत. पंखा कितीही जोरात फिरला तरी एक कागद हलत नाही.